अरसिक वाचक

मराठी टीकेने आजवर पुष्कळ प्रकारच्या गद्याची झडती घेतली. लघुकथा झाली, ललित निबंध झाला, आत्मचरित्रे आणि प्रवासवर्णनेही झाली. पण आज घरोघर जे गद्य सर्वांत अधिक वाचले जाते, त्या संकेतस्थळांवरील गद्याकडे टीकाकाराने अद्याप गंभीरपणे पाहिलेले दिसत नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर हे गद्य पिठाळ हातांनी, मोबाईल डब्याला टेकवून, मोठ्याने वाचले जाते. एवढा निष्ठावंत वाचक कोणत्या कवीला लाभला आहे? म्हणून या लेखापुरती मी अनारशांच्या कृतीची पाने समोर घेतो. अनारशांच्या बाबतीत माझा अधिकार खाण्यापुरताच आहे हे मान्य. पण गद्याबद्दल बोलायला टीकाकाराला पीठ मळता यावे लागत नाही.

या पानांना आता दोन वाचक आहेत. एक शेगडीपाशी उभा आहे. दुसरा यंत्र आहे. क्रॉलर नावाचे प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतात आणि मजकूर घेऊन जातात. पूर्वी त्यातून शोधयंत्राची सूची तयार होई आणि विचारणाऱ्याला पत्ते मिळत. आता ए.आय. त्या पानांवरून स्वतःच उत्तर रचून देते. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत अशी उत्तरे शोधाच्या माथ्यावर सर्वांना दाखवायला सुरुवात केली. नंतर ती इतर देशांत पोहोचली. न्यू जर्सीत राहणारी एखादी मुलगी आईला फोन करण्याऐवजी ‘अनारसे का बिघडतात?’ असे यंत्राला विचारते, तेव्हा ते उत्तर बहुधा कोणाच्या तरी पानाच्या आधारावर रचलेले असते. चांगली मराठी पाने यंत्राला वाचता आली नाहीत, तर ते वाईट पानांच्या आधारावर बोलेल. म्हणून हा प्रश्न मला फराळाच्या ताटाएवढा लहान वाटत नाही.

यावर पानांच्या मालकांनी काढलेला तोडगा मात्र वाङ्मयदृष्ट्या भयंकर आहे. अशा पानांचा सूर साधारण असा लागतो : ‘अनारसे हा महाराष्ट्राचा पारंपरिक पदार्थ आहे. घरच्या घरी अनारसे कसे करावेत, असा प्रश्न अनेकांना पडतो. अनारसे करण्यासाठी अनारशांचे पीठ उत्तम असावे लागते.’ चार परिच्छेद होतात, ‘अनारसे’ हा शब्द पालुपदासारखा येत राहतो, आणि तांदूळ अजून भिजत पडलेले नसतात. ही खोड जुनी आहे. एके काळी पानाच्या आड शोधशब्दांची यादी दडवून ठेवीत. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले की, क्रमवारी लावताना आपण ती यादी विचारातच घेत नाही. यादी गेली, खोड राहिली. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्लीची आय.आय.टी. येथील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर रचणाऱ्या यंत्रांपुढे शब्दांची अशी रेटारेटी फारशी कामास येत नाही. आधार, अवतरणे आणि आकडे दिलेला मजकूर अधिक उचलला जातो, असे त्यात आढळले. हे वाचून मला आनंद झाला आणि लगोलग धास्तीही वाटली. कारण आता ‘तज्ज्ञांच्या मते’ हे शब्द पानोपानी पेरलेले दिसू लागले आहेत. तज्ज्ञ कोण, ते कोठे म्हणाले, याचा पत्ता नाही. खसखस अनारशाला लागते. वाक्याला लावून काय उपयोग?

यंत्राची खरी गरज याहून पुष्कळ साधी आहे. त्याला आधी अक्षर हवे. मराठी संकेतस्थळांच्या पहिल्या काळात अनेकांनी खास फाँट वापरले. त्यांत अक्षर दिसायला देवनागरी, पण आतला संकेत रोमनचा. फाँट नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. वस्तुतः युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. तरी कित्येक जुना मजकूर अजून त्या फाँटांत किंवा छायाचित्रांत अडकून पडला आहे. चित्रातली अक्षरे ओळखणारी यंत्रे आहेत हे खरे. पण अगणित पाने चाळत जाणारा क्रॉलर प्रत्येक चित्रापाशी तेवढे कष्ट घेईल, या भरवशावर राहू नये. आणि एक गंमत आहे, ती तळणाच्या वेळीच आठवते. ‘पुऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टंकता येतो : एकीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो, दुसरीत साधा ‘र’ आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही पुऱ्या सारख्याच फुगलेल्या दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांची गाठ घालून देण्याची काळजी प्रत्येक यंत्र घेतेच असे नाही. संपादकाने निदान आपल्या स्थळापुरती एक रीत ठरवावी.

दुसरे असे की, काही पाने उघडल्यावर रिकामीच येतात आणि मजकूर मागाहून, वाचकाच्या यंत्रावर स्क्रिप्ट चालून, भरला जातो. ए.आय.चे अनेक क्रॉलर स्क्रिप्ट चालवीत नाहीत. त्यांच्यापुढे रिकामे ताट येते. मूळ पानातच मजकूर वाढलेला असावा, एवढाच यावरचा उपाय. तिसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही सामाईक परिभाषा काढली. तिच्यात पाककृतीचे साहित्य, लागणारा वेळ, लेखक, तारीख यांना स्वतंत्र खण आहेत. सोय उत्तम. पण एका पानावर मी चिठ्ठीतली वेळ ‘३० मिनिटे’ अशी पाहिली, आणि खाली मजकुरात तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलण्यास सांगितले होते. चिठ्ठी आणि डबा यांत एवढे अंतर पडल्यावर यंत्राने कोणावर विश्वास ठेवावा?

विश्वासाचा प्रश्न येथेच सुरू होतो. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये निघाले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये. दोन्ही पुस्तकांवर करणारणीचे नाव आहे. पदार्थ फसला तर दोष कोणाला द्यायचा हे वाचकाला ठाऊक असते. आजच्या असंख्य पानांवर नाव नाही, तारीख नाही, तांदूळ कोणता वापरला तेही नाही. निनावी मजकुरातली थट्टा कोणती आणि सल्ला कोणता, हे यंत्राला नेहमी उमगतेच असे नाही. २०२४ मध्ये गूगलच्या ए.आय.ने पिझ्झ्याच्या सॉसमध्ये गोंद मिसळण्याचा सल्ला दिला; त्याचे मूळ कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी गमतीने लिहिलेल्या ओळीत सापडले. हा झाला भाबडेपणाचा परिणाम. लबाडीही आहेच. जुलै २०२५ मध्ये ‘निक्केई एशिया’ने उघडकीस आणले की, काही संशोधनलेखांत माणसाला दिसू नयेत अशा पांढऱ्या अक्षरांत, लेखाची केवळ स्तुती करावी, अशा आज्ञा यंत्रासाठी दडवलेल्या होत्या. माणसाला एक आणि यंत्राला दुसरे सांगणारे पान, मग त्यातली कृती कितीही बिनचूक असो, मी त्याज्य मानतो.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. यंत्रासाठी भाषा सोपी करा, असा सल्ला जो तो देतो, आणि या सोपेपणात पहिला बळी जातो तो बोलीचा. आपल्याकडे अनारसा ‘हसतो’. सल्लागार ते खोडून ‘अनारसे तुटण्याची कारणे’ असे शीर्षक देतो. शब्द सरळ झाला. तुपात विरघळून पसरणारा, सगळ्या घराला हसू आणणारा तो अनारसा मात्र गेला. वास्तविक आपल्या जुन्या टीकाकारांनी याची वाट केव्हाच दाखवून ठेवली आहे : मूळ शब्द ठेवावा आणि शेजारी अर्थ द्यावा. ‘अनारसा हसला, म्हणजे तुपात सोडताच फुटून पसरला, पिठात गूळ जास्त झाला की असे होते, अशा वेळी थोडे तांदळाचे पीठ मिसळावे.’ या वाक्याने यंत्राची सोय होते आणि पहिलीच दिवाळी करणाऱ्या सुनेचीही. माझ्या मते उत्तम पानाची कसोटी अशा वाक्यात आहे.

परवानगीचा मुद्दा तेवढा उरतो. क्रॉलरने कोठे यावे, कोठे येऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स डॉट टी.एक्स.टी.’ नावाची पाटी १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवली. २०२२ मध्ये तिला रीतसर मानकाचे रूप मिळाले. ती कुलूप नव्हे, विनंती आहे, आणि सगळेच पाहुणे ती वाचतात असे नाही. तरी पाटी असावी. अनारशांच्या पानावर मी ‘यावे’ असेच लिहीन. कवितेच्या पानावर काय लिहायचे ते त्या कवीने ठरवावे; त्याने ‘येऊ नये’ असे लिहिले, तर मी त्याचा संग्रह दुकानातून विकत आणीन.