संकेतस्थळांवरील वंशावळी : एक परीक्षण

नांदेड जिल्ह्यांतील एका पाटील घराण्याची वंशावळ नुकतीच आमच्यापुढें अभिप्रायार्थ आली. घराणें खाजगी, सबब त्याचें नांव देत नाहीं. वृक्ष पंधरा पिढ्यांचा असून सुबक छापिलेला आहे. आणि त्यांतील बहुतेक शाखा घरबसल्या, निरनिराळ्या संकेतस्थळांवर मिळालेल्या पानांवरून जोडिलेल्या आहेत. अशा वंशावळी अलीकडे वारंवार येऊं लागल्या आहेत. तेव्हां एकीचें परीक्षण नीट केल्यास इतरांसही तें लागू पडेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

या उद्योगास जोर कशानें आला हें सर्वश्रुत आहे. मराठवाड्यांतील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं शासनानें सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली. खासरा पत्रकें, पाहणी पत्रकें, जन्ममृत्यूचीं पुस्तकें, शाळांचीं प्रवेश-निर्गम पुस्तकें असें साहित्य तपासण्यांत आलें. हैदराबादेसही शोध झाला. व सांपडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यांत आल्या. या निमित्तानें जे रुमाल वर्षानुवर्षें कोणी सोडिले नव्हते ते सुटले, व ज्या मोडीवाचकास कोणी पुसत नव्हतें त्याची विचारपूस होऊं लागली. संशोधकास याचा आनंदच आहे.

परंतु हीं पानें एका शब्दाच्या शोधांत निवडिलेलीं आहेत, हें विसरतां कामा नये. ज्या पानावर तो शब्द मिळाला तें प्रकाशांत आलें. ज्यावर मिळाला नाहीं तें रुमालांत परत गेलें. बीडच्या मानानें नांदेड व लातूर या जिल्ह्यांत नोंदी फार थोड्या निघाल्या. एवढ्यावरून अमुक घराणें त्या गांवीं नव्हतेंच, असें अनुमान आमच्या वंशावळकारानें दोन ठिकाणीं केलें आहे. हा अभाव निवडीचा आहे, घराण्याचा नव्हे. तसेंच सहाव्या पिढीस त्यानें हैदराबाद गॅझेटियरचा आधार दिला आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें तें गॅझेटियर जमेस धरिलें हें खरें; पण गॅझेटियरांत जातवार शिरगणती असते, व्यक्तींचीं नांवें नसतात. त्यावरून कोणाचा आजा सिद्ध होत नाहीं.

आतां मुख्य दोषाकडे वळूं. सहाव्या पुरुषाच्या मृत्यूची नोंद उर्दू पुस्तकांतील असून तींत सन १३१० आहे. वंशावळकारानें तो हिजरी धरिला व इ. स. १८९२-९३ असें लिहिलें. वस्तुतः निजामी दप्तरांत साल फसली चाले, व फसलींत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. वर्ष आक्टोबरांत सुरू होत असल्यामुळें पुढील महिन्यांस ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे ही नोंद १९००-०१ ची आहे. आतां या पुरुषाच्या धाकट्या मुलाचा जन्म शाळेच्या पुस्तकाप्रमाणें १८९८ चा. बापाचें मरण मुलाच्या जन्माआधीं पांच वर्षें पडतें, हें पाहून वंशावळकार घोंटाळला, आणि तोड म्हणून त्यानें त्याच नांवाचा एक अधिक पुरुष मध्यें कल्पून त्यास सातवी पिढी केली. आपल्याकडे आजाचें नांव नातवास ठेवितात, त्यामुळें ही कल्पना दिसण्यांत साधार दिसली. सन बरोबर लाविला कीं हा सातवा पुरुष आपोआप नाहींसा होतो. महिन्याचें नांव पाहिलें असतें तरी उलगडा होता. आजर, दै, बहमन हे महिने हिजरींत नाहींत.

दुसऱ्या एका पानावर 'वलद' हा शब्द नांवाचा भाग समजून वाचिला आहे. 'बिन' काय आणि 'वलद' काय, दोहोंचा अर्थ अमक्याचा मुलगा एवढाच. मोडी वा उर्दू न येणाऱ्यानें दुसऱ्याच्या लिप्यंतरावर विसंबावें, पण मूळ पानाचें चित्र शेजारीं ठेवून.

वरच्या आठ पिढ्या तर सर्वस्वी उसन्या आहेत. त्याच आडनांवाच्या दुसऱ्या एका घराण्यानें मोबाइलवरील वंशवृक्षांत टाकिलेली शाखा एका बोटाच्या दाबानें येथें चिकटविली आहे. मूळ कागद कोणता, याचा त्या शाखेखालीं उल्लेख नाहीं. निराधार लिहावयाचें नाहीं ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा टीकेइतकीच वंशावळीसही लागू आहे. जुने वतनाचे महजर व करिने ज्यांनीं चाळिले त्यांस ठाऊक आहे कीं, तंट्यांत दोन्ही पक्ष आपापली वंशावळ घेऊन येत आणि दोन्हींचा मूळपुरुष एकच असे.

वास्तविक शोधाचा मार्ग वंशावळकारापाशींच होता. आपण उदगीरकडून आलों असें घरांतील वृद्ध सांगतात, ही गोष्ट त्यानें प्रस्तावनेंत लिहिली आहे, व मग शोध लातूर आणि धाराशिव येथें केला आहे. लातूर जिल्हा १९८२ सालचा. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होते, तेव्हां त्यांचा मागही बिदरच्या दप्तरांत घ्यावा. किनवट त्याच सालीं आदिलाबादेंतून आला. उलट मुधोळ, भैंसा, बिचकुंदा हा नांदेडचा भाग पलीकडे जाऊन आज तेलंगणांत आहे. दुसरें साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्या. हरिद्वारच्या वह्यांचीं चित्रें अमेरिकेंतील यूटा येथील वंशशास्त्र-संस्थेनें घेऊन फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ठेविलीं आहेत. परंतु आपल्या मंडळींची वहिवाट नाशिक-त्र्यंबकची. तेथें उपाध्यायाच्या घरीं जाऊनच चोपडा पाहावा लागतो. यात्रेकरूच्या हातची सही, भावाभावांचीं व कधीं बायकांचींही नांवें तेथें मिळतात. या पंधरा पिढ्यांत एकही स्त्री नाहीं.

हा केवळ पंडितांचा वाद असता तर आम्ही इतकें लिहिलें नसतें. आज वंशावळ प्रतिज्ञापत्रास जोडिली जाते व जातवैधतेच्या वेळीं तपासिली जाते. एका भावानें घुसविलेला कल्पित पुरुष दुसऱ्या भावाच्या खऱ्या कागदाशीं विसंगत ठरला, म्हणजे झळ पोंचते ती प्रवेशासाठीं खोळंबलेल्या मुलीस.

वंशावळकाराच्या उद्योगाविषयीं आम्हांस आदर आहे. त्यानें प्रत्येक पानाचें चित्र जपून ठेविलें, म्हणूनच वरील तपासणी शक्य झाली. पहिल्या सहा पिढ्या आम्ही ग्राह्य मानितों. सातवी काढावी, वरच्या आठ 'उसनी शाखा, निराधार' अशा मथळ्याखालीं निराळ्या पानावर द्याव्या, आणि दुसऱ्या आवृत्तीपूर्वीं बिदर व त्र्यंबक येथें समक्ष जाऊन यावें.