यंत्रमानव-संशोधनातील मुक्तता : ‘रॉस’-निबंधाची चिकित्सा

मॉर्गन क्विग्ली, ब्रायन गर्की व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली जपानमधील कोबे येथील परिषदेच्या निमित्ताने ‘रोबॉट ऑपरेटिंग सिस्टिम’, संक्षेपाने ‘रॉस’, या आज्ञावलीचा परिचय करून देणारा निबंध सादर केला. यंत्रमानव-संशोधनात इतका हवाला दिला गेलेले निबंध थोडे असतील. हवाला पुष्कळ दिला जातो, वाचन मात्र क्वचितच होते, हा अशा निबंधांच्या नशिबी येणारा सामान्य भोग होय. त्यामुळे त्यातील युक्तिवादाची तपासणी व्हावी तशी झालेली नाही.

निबंधकारांनी आपल्या रचनेची पाच तत्त्वे सांगितली आहेत : घटकांचा समपातळीवरील संवाद, लहान लहान साधनांवर भर, अनेक संगणकभाषांना मोकळीक, रचनेचा हलकेपणा आणि मुक्तता. यांपैकी भाषाविषयक तत्त्वाचे विवेचन उत्तम उतरले आहे. घटकांनी परस्परांना पाठवावयाच्या संदेशांचे रूप कोणत्याही एका संगणकभाषेवर न सोपविता त्यांसाठी एक तटस्थ, अल्पाक्षरी वर्णनपद्धती योजली, की सी++ मधील घटक पायथॉनमधील घटकाशी निर्वेधपणे बोलू शकतो. ही कल्पना साधी आहे, आणि टिकाऊही ठरली. मुक्ततेचे कलम मात्र थोडक्यात आटोपले आहे व तेथेच विचाराची गाठ सैल राहिली आहे.

या कलमात दोन विधाने शेजारी शेजारी येतात. पहिले असे, की आज्ञावलीच्या प्रत्येक थरातील दोष शोधता यावयाचा तर तिची मूलसंहिता (व्यवहारातील ‘सोर्स कोड’) सर्वांपुढे उघडी असली पाहिजे. मायक्रोसॉफ्टचा रोबॉटिक्स स्टुडिओ आणि ‘वेबॉट्स’ या मालकीच्या आज्ञावलींचे गुण मान्य करूनही त्या मुक्त व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत, असा निर्वाळा निबंधकार देतात. दुसरे विधान परवान्याविषयी आहे. ‘रॉस’चा बीएसडी परवाना व्यापारी उपयोगास आडकाठी करीत नाही, शिवाय घटक केवळ संदेशांनी जोडलेले असल्यामुळे प्रत्येकाला निराळा परवाना लावता येतो. म्हणजे एक घटक उघडा व दुसरा बंद, अशी यंत्रणाही ‘रॉस’वर उभी राहू शकते. आता बंद घटकाच्या थरात दोष निघाला तर पहिल्या विधानाचे काय होते? हा प्रश्न निबंधकारांना पडलेला दिसत नाही. दुसरे विधान व्यवहारदृष्ट्या शहाणपणाचे आहे, याविषयी शंका नाही; पण ते पहिल्याला मुरड घालते, हे कबूल करावयास हवे होते.

ही अडचण काल्पनिक नव्हे. कूका कंपनीचा हलका यंत्रबाहू अनेक प्रयोगशाळांत वापरला गेला. संशोधकांकरिता ठेवलेल्या जोडणीतून हा बाहू प्रत्येक स्थितीतील जडत्व व गुरुत्वभार यांचे आकडे पुरवितो. परंतु ते ज्या गतिकीय प्रतिमानावरून काढले जातात, ते मात्र देत नाही. रोमच्या सापिएंझा विद्यापीठातील गाझ, फ्लाको व दे लुका यांना २०१४ साली त्या आकड्यांवरून मागे मागे जाऊन कंपनीचे प्रतिमान शोधून काढावे लागले व त्यावर स्वतंत्र निबंध लिहावा लागला. क्षेत्रीय भाषाभ्यासकाला ही रीत ओळखीची वाटेल. निवेदक वाक्य बरोबर की चूक एवढेच सांगतो. नियम अभ्यासकाने काढावयाचा असतो. भेद इतकाच, की निवेदकाला नियम सांगता येत नाही आणि कंपनीला तो सांगावयाचा नसतो. निसर्गाने झाकलेले उकलण्यात संशोधकाचे श्रम सार्थकी लागतात. शेजारच्या माणसाने झाकलेले उकलण्यात ते कितपत लागतात, याचा विचार व्हावा.

निबंधात नाव घेतलेल्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची पुढची गती बोधक आहे. मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावलीची २०१२ मधील चौथी आवृत्ती अखेरची ठरली. ‘वेबॉट्स’ २०१८ च्या डिसेंबरात मुक्त झाले. ‘मुजोको’ या अनुकरण-आज्ञावलीची कथा तर अधिकच बोलकी आहे. २०१२ साली टोडोरोव्ह, एरेझ व टासा यांनी तिचा परिचय करून दिला. पुढे २०१६ मध्ये ‘ओपनएआय जिम’ने आपल्या कसोट्यांचा एक महत्त्वाचा भाग तिच्यावर बेतला. परिणाम असा झाला, की सार्वजनिक कसोटी सशुल्क, बंद यंत्रावर उभी राहिली. आणि ज्या विभागाजवळ परवान्याचे पैसे नाहीत, त्याला दुसऱ्याचे निष्कर्ष पडताळून पाहण्याची सोयच उरली नाही. २०१७ मध्ये निघालेल्या मुक्त पर्यायात कार्ये नव्याने जुळवून घेतलेली असल्यामुळे जुन्या आकड्यांशी सरळ तुलनाही होईना. डीपमाइंडने २०२१ च्या ऑक्टोबरात ही आज्ञावली विकत घेऊन मोफत केली व २०२२ च्या मे महिन्यात मुक्त केली. इंग्रजीतील एकाच शब्दात मिसळून जाणारे हे दोन अर्थ मराठीत दोन शब्दांनी वेगळे राहतात, ही आपली सोय आहे. त्या सात महिन्यांत वापरणाऱ्याचा खर्च वाचला होता. स्पर्श आणि घर्षण यांचे गणित आत कसे मांडले आहे, हे मात्र त्याला अद्याप पाहता येत नव्हते.

मुक्त पक्षाचीही एक बाजू निबंधाने अंधारात ठेवली आहे, ती पैशाची. ‘रॉस’ची जोपासना ज्या विलो गॅरेज संस्थेत झाली, ती २००६ साली स्कॉट हसन या धनिकाने स्थापिली होती. २०१० मध्ये तिने आपले अकरा पीआर-२ यंत्रमानव निवडक संस्थांना वापरावयास दिले. त्याच यंत्राची विक्रीची किंमत होती चार लक्ष डॉलर. एका आश्रयदात्याच्या औदार्यावर उभी राहिलेली मुक्तता त्याचा हात आखडताच काय करणार, हा प्रश्न २००९ मध्येही विचारता आला असता. विलो गॅरेज २०१४ पर्यंत मिटले. आज्ञावली तत्पूर्वीच, २०१३ मध्ये, एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेली होती म्हणून वाचली. परवान्याने तिला पुढे नेण्याची मुभा दिली होती, नेण्यास माणसे मात्र निराळी लागली.

पहिल्या ‘रॉस’ची अखेरची आवृत्ती ‘नोएटिक’ २०२० साली निघाली व तिची देखभाल २०२५ च्या मे महिन्यात थांबली. तिच्यावर लिहिलेले प्रयोग अनेक विभागांत पडून आहेत. त्यांची संहिता उपलब्ध आहे, ती दुरुस्त करण्याची परवानगीही आहे. नव्या ‘रॉस-२’वर ते प्रयोग नेणे म्हणजे घटकाघटकाचे पुनर्लेखन होय, आणि हे काम करणाऱ्यास प्रबंधाचे श्रेय मिळत नाही, बहुतेक विभागांत त्यासाठी पदही नसते.