घाटमाथ्यावरील गावाचे लेखन : मलकापूर परिसराच्या निमित्ताने काही प्रश्न

महाराष्ट्रात मलकापूर या नावाची तीन गावे सर्वपरिचित आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यातील, दुसरे कऱ्हाडलगतचे आणि तिसरे कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील. प्रस्तुत लेखाचा संबंध या तिसऱ्या मलकापुराशी आहे. तालुक्याचे नाव शाहूवाडी, पण बाजारपेठ मलकापूरची. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पाच हजारांच्या थोडी वर, आणि तरीही येथे ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद आहे. एवढ्या लहान वस्तीला शहराचा दर्जा का, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपल्याकडील ग्रामलेखनाच्या मर्यादा एकामागून एक पुढे येतात. त्या मर्यादांची चिकित्सा करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला आधारग्रंथ म्हणून अभ्यासक ज्याच्याकडे वळतो तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयक चोविसावा खंड १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची रचना पाहावी. डोंगर आणि नद्या पहिल्या प्रकरणात, घाटरस्ते व्यापाराच्या प्रकरणात, राजवटी इतिहासाच्या प्रकरणात आणि गावे शेवटी, तीही इंग्रजी वर्णानुक्रमाने. परिणामी मलकापूर, पन्हाळा आणि विशाळगड ही तीन नावे एकाच प्रदेशाची असूनही एकमेकांपासून दूर विखुरली जातात. ज्या वाटेने ती जोडलेली आहेत ती वाट तिसरीकडेच वर्णिलेली असते. प्रशासकाला हवी ती माहिती चटकन सापडावी यासाठी ही व्यवस्था सोयीची होती. गाव समजून घेण्यासाठी ती सोयीची आहे असे आपण गृहीत धरले, ही चूक मात्र आपली. आजही आपल्या महाविद्यालयांतून लिहिले जाणारे लघुप्रबंध 'भौगोलिक पार्श्वभूमी' या प्रकरणाने सुरू होतात. त्यात अक्षांश-रेखांश, पर्जन्यमान आणि मृदा येतात, आणि दुसऱ्या प्रकरणापासून या गोष्टींचा पुन्हा उल्लेखही होत नाही.

वस्तुतः मलकापूरचा भूगोल वेगळा काढताच येत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता येथून आंबा घाटाकडे वळतो आणि साखरप्याला कोकणात उतरतो. कडवीचे पाणी वारणेला मिळते. गजापूरच्या बाजूला उगम पावणारी कासारी मात्र पंचगंगेकडे जाते. या दोन खोऱ्यांमधील डोंगररांगेच्या एका टोकाला पन्हाळा, तर दुसऱ्या टोकाकडे विशाळगड. १७०७ नंतर सातारा आणि कोल्हापूर अशी छत्रपतींची दोन राज्ये झाली, तेव्हा परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी यांच्या घराण्याचीही दोन शाखांत विभागणी झाली. त्यांतील कृष्णाजी परशुराम यांच्याकडे कोल्हापूरचे प्रतिनिधिपद आणि विशाळगडची जहागीर आली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचा कारभार मलकापुरातून चालू लागला. म्हणजे किल्ला निकामी झाला म्हणून पायथ्याच्या प्रदेशातील वाटेवरचे गाव मोठे झाले. सत्ता डोंगरावरून रस्त्यावर उतरली, असे म्हटले तरी चालेल. नगरपरिषदेच्या दर्जामागील कारणाचा शोध येथून सुरू व्हायला हवा. तो 'भौगोलिक पार्श्वभूमी'तही सापडत नाही आणि 'ऐतिहासिक पार्श्वभूमी'तही नाही.

दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. 'महाराष्ट्रातील खेडे' म्हणून जे चित्र आपल्या मनात असते ते मुख्यतः पुण्याच्या आसपासच्या मैदानी गावांवरून तयार झालेले आहे. टॉमस कोट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी वर्णिलेले लोणी, गो. स. घुर्ये यांनी १९६० मध्ये पुन्हा अभ्यासलेले तेच लोणीकंद, हॅरोल्ड मान यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेला पिंपळे सौदागरचा आणि १९२१ मधील जातेगाव बुद्रुकचा अभ्यास ही आपल्या ग्रामसर्वेक्षणाची मूळ उदाहरणे होत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने त्या चित्राला मराठी नाव आणि चौकट दिली. गावठाण, वेस, चावडी, पांढरी आणि काळी, बारा बलुतेदार ही ती चौकट.

शाहूवाडीच्या पश्चिमेकडील गावांना ही चौकट लावून पाहिली की ती सैल पडते. येथे मूळ गाव एक आणि त्याच्या वाड्या अनेक, काही वेळा ओढ्यापलीकडे, काही डोंगरउतारावर. जांभ्या दगडाच्या सड्यांवर गवळी धनगरांचे दोन-चार घरांचे वाडे असतात, आणि महसुली नोंदीत ते खालच्या गावात मोजले जातात. पीक भाताचे आणि नाचणीचे. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी, किंवा राब भाजून तरवा आणि मग रोपलावण. वेस नाही, कारण वेस घालावी असे एकवट गावठाणच अनेक ठिकाणी नाही. अशा गावाचे सर्वेक्षण करणारा विद्यार्थी प्रश्नावलीतील 'बलुतेदार' या रकान्यापुढे 'लागू नाही' असे लिहितो आणि त्या गावात काही नव्हतेच असा निष्कर्ष काढतो. वस्तुस्थिती अशी की रकाना दुसऱ्या गावासाठी आखलेला होता.

या संदर्भात फ्रेंच ग्रामेतिहासाची परंपरा पाहणे उपयुक्त ठरेल. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील अनेक प्राथमिक शिक्षकांनी आपापल्या गावाची हस्तलिखित वर्णने तयार केली होती. त्यांतही आधी भूगोल आणि मग इतिहास असाच क्रम आढळतो, त्यामुळे दोष केवळ आपला नव्हे. परंतु मार्क ब्लॉक यांनी १९३१ मधील फ्रान्सच्या ग्रामीण इतिहासावरील ग्रंथात ही विभागणी मोडली. उत्तरेकडील लांबट, खुली शेते, दक्षिणेकडील अनियमित शेते आणि पश्चिमेकडील कुंपणांनी वेढलेली शेते यांच्या मागे वेगवेगळे सामाजिक इतिहास आहेत हे त्यांनी दाखविले. फ्रान्सचे एक 'नमुनेदार खेडे' नाही, ही त्या ग्रंथातून घ्यायची गोष्ट. दुसरी गोष्ट त्यांच्या पद्धतीची. आज दिसणाऱ्या शेताच्या आकारापासून निघून मागे मागे जायचे, राजवंशावळीपासून पुढे यायचे नाही.

इमॅन्युएल ल रुआ लादुरी यांचा 'माँतायू' (१९७५) हा ग्रंथ आपल्याकडे कौतुकाने उल्लेखिला जातो, पण बारकाईने क्वचितच वाचला जातो. पिरेनीज पर्वतातील एका लहान गावाचे हे चित्र पामिएचे बिशप जाक फूर्निए यांनी १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या आरोपावरून घेतलेल्या जबान्यांवर उभे आहे. ग्रंथाचा पूर्वार्ध घर आणि मेंढपाळ यांच्याभोवती फिरतो. कळपामागे डोंगर ओलांडणाऱ्या मेंढपाळाच्या वाटेतच तेथे गावाचा भूगोल उलगडतो. या पुस्तकाने दिलेला आनंद मान्य करूनही रेनातो रोसाल्दो यांनी १९८६ मध्ये घेतलेला आक्षेप विसरता येत नाही. चौकशी करणाऱ्याच्या दफ्तराला जणू संशोधकाचे क्षेत्रकार्य समजून लादुरी यांनी त्यामागील धाक बाजूला ठेवला, असा तो आक्षेप. आपल्याकडील जमाबंदीची कागदपत्रे, वतनाचे तंटे आणि इनामाच्या चौकश्या याही सत्तेपुढे दिलेल्या जबान्याच आहेत. वतनाच्या दाव्यात माणूस जे सांगतो ते वतन टिकविण्यासाठी सांगतो. हे भान ठेवून ती वाचली तर त्यांतून पुष्कळ हाती येईल. न ठेवता वाचली तर दावेदाराची बाजूच गावाचा इतिहास म्हणून छापली जाईल, आणि अनेक गावांच्या स्मरणिकांत ती तशी छापली गेली आहे.

या परिसरापुरती तिसरी अडचण किल्ल्याची. खेळणा ऊर्फ विशाळगडाचा उल्लेख आला की लेखणी तिकडेच वळते. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याच्या सैन्याचा या अरण्यात संहार झाला. फिरिश्त्याने तो वर्णिला आहे, आणि त्याच्या वर्णनात शत्रूइतकीच दाट झाडी व अरुंद वाट यांनाही भूमिका आहे. १३ जुलै १६६० रोजी गजापूरच्या खिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे धारातीर्थी पडले. या घटनांचे महत्त्व वादातीत आहे. प्रश्न एवढाच की त्या आषाढात खिंडीखालच्या शेतांत काय उभे होते, वाटाड्या कोण होते, गडाला धान्य आणि जळण कोणत्या वाडीतून जात असे, हे आपण विचारलेलेच नाही. गजापूर हे गाव ग्रंथांत एका दिवसापुरते येते आणि मावळते.

ही केवळ अभ्यासकांची उणीव राहत नाही. १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणाविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवशी, त्याच गजापुरातील मुसलमानवाडीत घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. ३६४ वर्षांनी गाव पुन्हा एकदा एका दिवसासाठी लोकांसमोर आले. मधल्या काळात त्या वाडीत कोण राहत होते, त्यांचा गडाशी, शेतीशी आणि शेजारच्या वाड्यांशी काय संबंध होता, हे सांगणारे एखादे साधे, साधार पुस्तक उपलब्ध असते तर त्या दिवशी काही टळले असते असा दावा प्रस्तुत लेखक करणार नाही. पण त्यानंतरच्या चर्चेत प्रत्येकाने आपल्या सोयीचा इतिहास सांगितला, आणि तो तपासण्यासाठी आपल्यापैकी कोणाकडेही काही नव्हते, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने स्वतःशी तरी मान्य करावयास हवी.

साधने नाहीत ही सबब फार काळ चालणार नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी दफ्तरे आहेत. ती वाचणारे कमी आहेत, आणि मोडीचे वर्ग मराठी व इतिहास विभागांनी मिळून चालविणे अशक्य नाही. भूगोल विभागाने वाड्या, पाणवठे आणि जुन्या पायवाटा यांचे नकाशे करावेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते नकाशे हातात घेऊन दफ्तराकडे जावे. दफ्तरातून सुरुवात करून नकाशा शेवटी जोडपत्रात टाकू नये.

एका बाबतीत मात्र विलंब परवडणारा नाही. वारणेवरील चांदोली धरण, १९८५ चे अभयारण्य, २००४ चे राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मधील सह्याद्री व्याघ्र प्रकल्प या क्रमात या पट्ट्यातील अनेक गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाच्या याद्या शासनदरबारी आहेत. त्यांत कुटुंबे आहेत, क्षेत्र आहे, मोबदला आहे. शेतांची नावे नाहीत. कोणत्या खाचराला काय म्हणत, सड्यावरील कोणत्या पाणवठ्याशी उन्हाळ्यात गुरे जात, कोकणात उतरायची पायवाट कोठून सुरू होई, हे ज्यांनी तेथे शेत कसले त्यांनाच ठाऊक आहे, आणि ते लोक आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.