खिशातली संगीतपेटी

यंत्राची समीक्षा करता येते काय, असा प्रश्न या पानांच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. कविता, कादंबरी वा नाटक यांचे गुणदोष पारखण्यास सरावलेल्या दृष्टीपुढे बाजारातली एक वस्तू ठेवणे काहीसे विपरीतच दिसेल. परंतु ज्या वस्तूने गाणे ऐकण्याची रीत पालटली, तिच्या घडणीत गाण्याविषयीचे एक मत दडलेले असते. आणि मत आले की समीक्षेला वाव आला. अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड, त्यातही हार्ड डिस्कच्या चकतीवर गाणी साठविणारा आणि २००७ पासून ‘क्लासिक’ म्हणून ओळखला गेलेला, असे एक मत घेऊन जन्मास आला आणि २०१४ साली बंद झाला. त्या मताचा एक भाग मला फार मोलाचा वाटतो, दुसरा सदोष.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी कॅलिफोर्नियातील कूपर्टिनो येथे स्टीव्ह जॉब्स यांनी तो प्रथम दाखविला. अशी यंत्रे त्याआधीही होती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचा ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’ २००० सालीच आला होता. पण तो खिशात मावणारा नव्हता. आयपॉडचे अंग आटोपशीर झाले ते तोशिबा या जपानी कंपनीने घडविलेल्या १.८ इंची डिस्कमुळे. पाच गिगाबाइटची साठवण, हजार गाणी, सुमारे १८५ ग्रॅम वजन आणि ३९९ डॉलर किंमत, असा त्याचा पहिला अवतार. फिरती चकती वीज फार खाते आणि धक्क्याने बिघडते. यावर योजलेली युक्ती साधी होती. शेजारच्या ३२ मेगाबाइटच्या स्मृतिकोशात पुढची काही गाणी एकदम उचलून ठेवायची आणि चकती थांबवायची. विहिरीवर घागरीमागून घागरीच्या खेपा घालण्यापेक्षा एकदाच मोठा हंडा भरून आणावा तसे. गाणे वाजत असताना ते यंत्र बहुतांश वेळ आतून निश्चल असे.

अंगठ्याने फिरवावयाच्या चक्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जपमाळेचे मणी न पाहता ओढणाऱ्या हाताला ते चटकन वळणी पडले असते, एवढेच म्हणतो.

२००९ साली ही साठवण १६० गिगाबाइटवर स्थिरावली. कंपनीच्या हिशेबाने चाळीस हजार गाणी. प्रत्येकी चार मिनिटे धरली तर रात्रंदिवस वाजवूनही १११ दिवस पुरावीत इतकी! आणि तरीही तो संग्रह सान्त होता, हे मला महत्त्वाचे वाटते. कधीतरी डिस्क भरत असे आणि मग नवे घेण्यासाठी जुने काय काढायचे, हे मालकाला ठरवावे लागे. त्यातले बहुतेक प्रत्येक गाणे कोणीतरी हाताने तेथे नेऊन ठेवलेले असे. सीडीवरून उतरवून, नावातल्या चुका दुरुस्त करून, याद्या रचून. ग्रंथसंग्रहामागे जी निवड आणि निगा असते, तीच इथे होती. त्या मताचा मोलाचा भाग तो हा.

सदोष भाग असा की या यंत्राच्या लेखी संगीताचे एकक होते ‘गाणे’. २८ एप्रिल २००३ रोजी उघडलेल्या अ‍ॅपलच्या दुकानात एकेक गाणे ९९ सेंटला सुटे मिळू लागले आणि ती समजूत पक्की झाली. तीन-चार मिनिटांच्या गीताला ही मोजपट्टी ठीक आहे. पण बाखच्या ‘मास इन बी मायनर’ या थोर मिस्सारचनेचे काय होते, ते पाहावे. तिच्या ग्लोरियातील ‘क्वोनियम’ हा भाग खर्ज आवाजाचा एकच गायक गातो. साथीला एक हॉर्न आणि दोन बसून. तो संपतो न संपतो तोच पाच सुरावटींचा गायनवृंद ‘कुम सांक्तो स्पिरितू’ म्हणत उसळून येतो. मध्ये विराम नाही. आणि तो नसण्यास अर्थ आहे. उपासनेच्या शब्दांत ते एकच वाक्य आहे. एकट्या ख्रिस्ताचे नाव घेऊन एक कंठ थांबतो आणि पवित्र आत्म्यासह, देवपित्याच्या गौरवात, हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध अवघा समुदाय उचलून धरतो. सीडीवर हे दोन तुकडे वेगळ्या क्रमांकांचे असले तरी ध्वनी अखंड चालतो. आयपॉडवर मात्र त्यांच्यामध्ये निमिषभराची निःशब्द फट पडे. एमपी-३ पद्धतीत आवाजाचे ११५२ नमुन्यांचे ठरावीक तुकडे पाडले जातात आणि फाइलच्या टोकांना उरलेली जागा शांततेने भरली जाते. दोन फाइली जोडताना ती शांतता वगळण्याची तजवीज या यंत्रात नव्हती. ती आली सप्टेंबर २००६ मध्ये, पाचव्या पिढीच्या यंत्रात. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे त्रैक्याच्या एका वाक्याचे दोन तुकडे होत राहिले आणि संगीतप्रेमी म्हणविणाऱ्या कंपनीला त्याची निकड भासली नाही. मौन हेही संगीतच खरे, पण रचनाकाराने घातलेले मौन.

याच जातीचा दुसरा दोष रकान्यांचा. कलाकार, अल्बम, गाणे अशा चौकटीत सारे बसवायचे. पाश्चात्त्य लोकप्रिय गायकाला ही चौकट मापात शिवलेल्या सदऱ्यासारखी बसते. आपल्या भावगीताला कवी असतो, संगीतकार असतो, गायक असतो आणि मराठी श्रोता तिघांचीही नावे घेतो. संगीतकाराची यादी पुढे आली. कवीला स्वतंत्र रकाना नव्हता तो नव्हताच. आणि मिस्साच्या वेळी सारा धर्मग्राम जे गायन गातो, त्याचा ‘कलाकार’ कोण लिहावा?

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला तेव्हा त्याला कानाच्या यंत्रासाठी दोन छिद्रे ठेवली होती. सोबत्यानेही ऐकावे म्हणून. आयपॉडला एकच होते. एकट्याने ऐकणे वाईट, असे मी म्हणणार नाही. चिंतनाला एकांत लागतोच. मार्च २००६ मध्ये व्हॅटिकन रेडिओच्या पंचाहत्तरीनिमित्त पोप बेनेडिक्ट सोळावे तेथे गेले असता कर्मचाऱ्यांनी त्यांना पांढरा आयपॉड नॅनो भेट दिला. (ही चकतीविना चालणारी धाकटी आवृत्ती.) त्यात अभिजात संगीताबरोबर रेडिओचे कार्यक्रमही भरलेले होते. जे सर्वांसाठी एका वेळी आकाशात सोडायचे, ते एका कानासाठी डबीत बंद होऊन यावे, यातली गंमत त्या कर्मचाऱ्यांच्या ध्यानी आली होती की काय न कळे.

सप्टेंबर २०१४ मध्ये क्लासिक गुपचूप यादीतून गेला. त्याचे सुटे भाग आता जगात कोठेही मिळत नाहीत, असे कारण टिम कुक यांनी पुढच्या महिन्यात दिले. नव्याने रचना करावी इतके गिऱ्हाईकही उरले नव्हते. मे २०२२ मध्ये आयपॉड टच बंद झाला आणि ते नावही संपले. आता कोट्यवधी गाणी मासिक शुल्कावर फोनमध्ये ऐकावयास मिळतात. संग्रह मात्र आपला नसतो. कंपन्यांमधला करार संपला की कालचे गाणे आज यादीत नाही.

नव्या व्यवस्थेत प्रत्येक ध्वनीला धनी लागतो. नाव, गायक, हक्कदार यांची नोंद झाल्यावाचून त्या भांडारात प्रवेश नाही. वसईच्या कुपारी समाजातील सामवेदी बोलीची लग्नगीते कोणाच्या नावावर चढवावीत? ती मांडवात बायका गात आल्या. कोणी घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवली असतील, तर त्या कॅसेटवर एखादी तारीख असेल, क्वचित तीही नसेल. रकान्यांच्या बाबतीत इतका संकुचित असलेला आयपॉड येथे मात्र उदार होता. आवाज संगणकात उतरवला की तो निमूटपणे आत घेई आणि रकाना रिकामा दिसल्यास ‘अज्ञात कलाकार’ या शीर्षकाखाली इतरांच्या पंगतीत बसवी.

त्या यंत्रांच्या चकत्या आता थकल्या आहेत. हौशी मंडळी त्या काढून जागी मेमरी कार्डे बसवितात. पण जुन्या चकतीवरचे त्याआधी वाचावे लागते. कोणाच्या कपाटात असा आयपॉड पडून असेल आणि त्यात आजीचा आवाज असेल, तर चकती फिरते आहे तोवरच तो उतरवून घेता येईल.