धरण कुणी बांधले?

नववीच्या वर्गात मी एकदा विचारले, "भंडारदऱ्याचे धरण कुणी बांधले?" उत्तर ताबडतोब आले : "विल्सनने!" मुलांचे चुकले असे तरी कसे म्हणू? 1926 साली पुऱ्या झालेल्या या धरणाला मुंबईच्या गव्हर्नराचे नाव आहे. मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. अकोले तालुक्यातला डोंगर ज्यांनी फोडला त्यांचे नाव कुठेच नाही.

हाच प्रश्न एका रशियन कवितेच्या तोंडाशी आहे. निकोलाय नेक्रासोवची 'रेल्वे' ही कथाकविता 1864 सालची. भूदासप्रथा कायद्याने संपून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. कवीने ती मुलांना अर्पण केली आणि पुढे रशियातल्या शाळांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. आगगाडीच्या डब्यात वान्या नावाचा मुलगा आपल्या जनरल बापाला विचारतो, हा रस्ता कुणी बांधला? बाप एका काउंटचे नाव सांगतो. पोराच्या अंगात गाडीवानाचा कोट आहे. (कष्टकऱ्याचा पोशाख हौसेने घालायला त्या घराची हरकत नाही!) मग शेजारचा प्रवासी, म्हणजे कवी, मुलाला खरे सांगू लागतो. पोटाच्या आगीने ओढून आणलेली माणसे, रुळांच्या दोन्ही बाजूंना पुरलेली मढी, पाय सुजलेला, तापाने खंगलेला आणि तरीही यंत्रासारखे फावडे मारणारा बेलोरशियन मजूर. रात्री हे मेलेले गाडीबरोबर धावतात आणि स्वतःची कहाणी गातात.

मी ही कविता इंग्रजीतून वाचली आणि वर्गात मराठीतून सांगितली. मुले गप्प झाली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो शेवट. जनरल म्हणतो, पोराला भेसूर काही सांगू नका, उजळ बाजू दाखवा. तेव्हा कवी उजळ बाजू दाखवतो : काम संपले आहे, आजारपणाचे दिवस कापून कापून मजूरच कंत्राटदाराचा देणेकरी ठरला आहे. कंत्राटदार बाकी माफ करतो, दारूचे पिंप देतो. आणि मजूर जयजयकार करीत त्याच्या गाडीचे घोडे सोडतात व स्वतःच गाडी ओढू लागतात. गुलामाच्या मनात गुलामी कशी मुरते हे नेक्रासोवने लपवले नाही. आमच्या मोर्च्यांवरच्या कविता एवढे धाडस क्वचित करतात.

तरीही माझी एक तक्रार आहे. नेक्रासोव जमीनदाराचा मुलगा. त्याची कणव अस्सल आहे, पण त्याच्या कवितेत मजूर बोलतो तो मेल्यावर. जिवंत मजुराच्या तोंडी फक्त जयजयकार येतो. आणि सांगणाराही शेवटपर्यंत डब्यातच बसलेला असतो.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने ही तक्रार माझ्याआधी केली. "सर, त्या कामावर बाया नव्हत्या का?" मी कविता पुन्हा चाळली. मला बाई सापडली नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी 'कोंडवाडा'च्या कवीची धरणावरची कविता घेऊन गेलो. दया पवार याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. ती कविता भंडारदऱ्यावर लिहिली असे मी म्हणत नाही, तशी गरजही नाही. तिच्यात भल्या पहाटे जात्याशी बसणारी आणि मग कामावर जाणारी बाई स्वतःच बोलते, जिवंतपणी बोलते. जात्यावरच्या गाण्याचा बाज असल्यामुळे ती वर्गाला एका वाचनात पाठ झाली. रशियन कवीला कहाणी सांगायला वान्या लागला, डबा लागला, स्वप्न लागले. इथे मध्यस्थच नाही. मात्र कंत्राटदाराचे ते पिंप आणि हिशेबातली ती लबाडी या कवितेत शोधू नये. त्यासाठी नेक्रासोवकडेच जावे लागते. म्हणून मी दोन्ही कविता एकापुढे एक शिकवतो.

त्या मुलीने घरी जाऊन आजीला विचारले. आजी 1972 च्या दुष्काळात गावच्या पाझर तलावाच्या कामावर होती. खडी फोडली, सुकडी खाल्ली, तान्हे पोर बाभळीखाली निजवले. हजेरीपटावर तिचा अंगठा होता. शेजारी लिहिलेले नाव कारकुनाने चुकवले होते, असे आजीने सांगितले, आणि बरोबर नाव वहीत लिहून घ्यायला लावले.