कार्ट्रिजमध्ये काय आहे ते कळलं. करारात काय आहे?

जर्नल क्लबमध्ये कुणी बोमे आणि सहकाऱ्यांचा २०१०चा पेपर निवडला की चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला तो जीनएक्सपर्टचा पेपर. संवेदनशीलता किती, विशिष्टता किती, कल्चरशी तुलना नीट केली का, आरपीओबी जनुकाच्या ८१ बेसच्या तुकड्यावर पाच प्रोब कसे बसवले. तासाभरात 'छान पेपर आहे' म्हणून सगळे चहाला. मीही तो दोनदा असाच वाचला. तिसऱ्यांदा वाचताना लेखकांच्या नावांपुढच्या संस्था आधी वाचल्या, आणि पेपर वेगळाच दिसायला लागला.

आधी पेपरचं श्रेय पेपरला देऊ. लिमा, बाकू, केपटाऊन, डर्बन आणि मुंबई इथले १,७३० संशयित रुग्ण. मुंबईचं केंद्र म्हणजे हिंदुजा रुग्णालय. तिथल्या कॅमिला रॉड्रिग्ज लेखकांमध्ये आहेत. स्मिअर आणि कल्चर दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्या ५६१ रुग्णांपैकी ५५१ जण एका चाचणीत सापडले, म्हणजे ९८.२ टक्के. स्मिअर निगेटिव्ह पण कल्चर पॉझिटिव्ह असलेल्या १७१ पैकी एका चाचणीत १२४ सापडले, ७२.५ टक्के, तीन चाचण्या केल्या तर हेच ९०.२ टक्के. विशिष्टता ९९.२. शिवाय दोन तासांच्या आत रिफॅम्पिसिनला जंतू दाद देणार की नाही तेही कळतं. ज्यांनी कल्चरच्या निकालासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. डिसेंबर २०१०मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला मान्यता दिली. इतक्या वेगाने निदानाचं साधन धोरणात जाणं दुर्मीळ.

हे घडलं कसं, हा प्रश्न मात्र आपण विज्ञानाच्या लोकांनी व्यवस्थापनवाल्यांवर सोडून दिलेला आहे. इथेच मला भांडायचं आहे.

हे यंत्र क्षयासाठी जन्मालाच आलं नव्हतं. २००१मध्ये अमेरिकेत टपालातून ॲन्थ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. त्यानंतर तिथल्या टपाल केंद्रांत हवेवर नजर ठेवणारी जी यंत्रणा बसवली, तिच्यात कॅलिफोर्नियातल्या सेफिड कंपनीचं तंत्रज्ञान होतं. बंद डबीत नमुना घाला, डीएनए काढणं, वाढवणं, ओळखणं सगळं आतच होईल, ही कल्पना तिथे पक्की झाली. ओळखण्याचं काम करणारे मॉलिक्युलर बीकन १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी मांडले होते. ते क्षयाच्या जंतूवर बेतण्याचं काम न्यू जर्सीत डेव्हिड ॲलंड यांच्या प्रयोगशाळेने केलं. आणि या सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं फाइंड या जिनिव्हातल्या ना-नफा संस्थेने. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा आणि गेट्स फाउंडेशनचा, यंत्र कंपनीचं, प्रोब विद्यापीठाचे, रुग्ण आपले. पेपरच्या लेखकांत फाइंडची माणसं आहेत आणि सेफिडचीही आहेत. यात लपवाछपवी काही नाही, सगळं छापलेलं आहे. आपणच वाचत नाही.

मला ही भागीदारी वाईट वाटत नाही, हे आधी सांगून टाकतो. श्रीमंत देशांत टीबीचा बाजार लहान. फाइंडने जोखीम उचलली नसती तर सेफिडने हे कार्ट्रिज बहुधा केलंच नसतं. माझी तक्रार अशी आहे की भागीदारांनी जे मोजायचं ठरवलं ते फार सुरेख मोजलं आणि जे मोजायचं ठरवलं नाही ते रुग्णाच्या अंगावर आलं.

पहिली गोष्ट म्हणजे किंमत. २०१२च्या ऑगस्टमध्ये पेपफार, यूएसएड, युनिटेड आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून सेफिडला १ कोटी ११ लाख डॉलर दिले, आणि कार्ट्रिजची किंमत १६.८६ डॉलरवरून ९.९८ वर आली. तेव्हा हा मोठाच विजय होता आणि मला तो आजही खोटा वाटत नाही. पण नीट बघा काय विकत घेतलं: एक आकडा, २०२२पर्यंत. पुढच्या दहा वर्षांत कार्ट्रिजचा खप कितीतरी पट वाढला, २०१६मध्ये डॅनाहरने सेफिडला सुमारे ४०० कोटी डॉलरना विकत घेतलं, आणि आकडा तिथेच राहिला. शिवाय ही सवलत सरकारी आणि ना-नफा खरेदीदारांना. भारतात टीबीचे कितीतरी रुग्ण आधी खासगी डॉक्टरकडे जातात. खासगी प्रयोगशाळांना सवलत मिळावी म्हणून २०१३मध्ये आयपॅक्ट नावाचा वेगळा खटाटोप करावा लागला. त्यात प्रयोगशाळांनी रुग्णाकडून घ्यायच्या पैशांवर मर्यादा मान्य केली, तेव्हा त्यांना स्वस्त कार्ट्रिज मिळालं. म्हणजे मूळ करारात जे राहिलं त्याला मागाहून ठिगळ.

मेदसां सां फ्रान्तिएरने २०१९मध्ये पाच डॉलरची मोहीम सुरू केली. तिचा आधार होता केंब्रिज कन्सल्टंट्सचा अंदाज: मोठ्या प्रमाणावर बनवलं तर एका कार्ट्रिजचा उत्पादनखर्च २.९५ ते ४.६४ डॉलर. आपल्याकडे हा आकडा वेदवाक्यासारखा फेकला जातो, म्हणून सांगतो, तो बाहेरून बांधलेला अंदाज आहे. कंपनीची वही कुणी पाहिलेली नाही. २०२१मध्ये प्लॉस वनमध्ये आलेला गॉथम आणि सहकाऱ्यांचा पेपर मला जास्त भक्कम वाटतो. त्यांनी अनुदानांच्या नोंदी शोधून या तंत्रज्ञानात गेलेला सार्वजनिक पैसा मोजला: २५ कोटी डॉलरहून जास्त. संशोधन करू पाहणाऱ्यांनी तो पेपर पद्धतीसाठी तरी वाचावा. काही न फोडता, न पाजळता, फक्त नोंदी जोडून केवढा मोठा मुद्दा उभा राहतो ते कळेल.

सप्टेंबर २०२३मध्ये डॅनाहरने दबावाखाली किंमत ७.९७ वर आणली, हा ना-नफा भाव आहे असं सांगितलं आणि खर्चाची पडताळणी त्रयस्थाकडून करून घेण्याचं कबूल केलं. पडताळणीची ही अट २०१२मध्ये, जेव्हा १ कोटी ११ लाख डॉलर मोजले जात होते, तेव्हा का घातली गेली नाही? अकरा वर्षं उशिराने ती आली, आणि तीही एका लेखकाच्या यूट्यूबवरच्या चाहत्यांनी आणि संघटनांनी बोंब मारल्यावर. (जॉन ग्रीन. कादंबरीकार. आमच्या लॅबमध्ये यावर अजून कुणाचा विश्वास बसत नाही.)

दुसरी गोष्ट चाचणीचा उपयोग. २०१०चा पेपर अचूकतेचा आहे, परिणामाचा नाही, आणि पेपर तसा दावाही करत नाही. २०११मध्ये लॅन्सेटमध्ये याच गटाने ६,६४८ रुग्णांवरचा अभ्यास दिला, त्यात स्मिअर निगेटिव्ह रुग्णांना उपचार सुरू व्हायला लागणारा मध्यक काळ ५६ दिवसांवरून ५ दिवसांवर आला. फारच देखणा आकडा. पण आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या टीबी-नीट चाचणीत रुग्णांच्या आजारपणात फरक दिसला नाही, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एक्सटेंडमध्ये मृत्यूंतही दिसला नाही. कारण सोपं आहे: डॉक्टर निकालाची वाट न बघता लक्षणांवरून औषध सुरू करतच होते, आणि निकाल येऊनही काही रुग्ण औषधापर्यंत पोचत नव्हते. यंत्राचा यात दोष नाही. पण 'अचूक चाचणी म्हणजे वाचलेला जीव' हे समीकरण तुमच्या प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात असेल तर ते काढा, गाइडला दिसायच्या आत.

तिसरी, बंद प्रणाली. प्रिंटर आणि शाईचं गणित सगळ्यांना माहीत आहे. इथेही शब्द कार्ट्रिजच आहे, योगायोग बघा. या यंत्रात दुसऱ्या कुणाचं कार्ट्रिज चालत नाही. सीबीनॅट म्हणून आपल्या सरकारी केंद्रांत ते आलं तेव्हा एसी, अखंड वीज, दरवर्षीचं कॅलिब्रेशन हे सगळं सोबत आलं. बंद डबीमुळे दूषितीकरण कमी होतं आणि फार कौशल्य लागत नाही, हे खरंच. पण ज्या गुणामुळे तंत्रज्ञाचं काम सोपं होतं, त्याच गुणामुळे खरेदीदाराचे हात बांधले जातात. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि पेपरांत पहिलंच तेवढं भेटतं.

आता ट्रूनॅटकडे येऊ, कारण 'आपलं देशी आहे ना' म्हणून हा विषय संपवायची घाई दिसते. बंगळुरूच्या बिगटेकचं संशोधन, गोव्याच्या मोलबायोचं उत्पादन, बॅटरीवर चालणारं यंत्र. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. मला अभिमान आहेच. पण तीही भागीदारीच आहे, आणि चिपही त्याच यंत्रात चालते. तिचं मूल्यमापन करणाऱ्यांतही फाइंड आहे. तो पेपर, पेन-निकोल्सन आणि सहकारी, २०२१, मला २०१०च्या पेपरपेक्षा एका बाबतीत प्रामाणिक वाटतो: चाचणी मोठ्या संदर्भ प्रयोगशाळांपुरती न ठेवता भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनीतल्या १९ प्राथमिक केंद्रांत नेली. तिथे एमटीबी चिपची संवेदनशीलता ७३ टक्के आणि एमटीबी प्लसची ८० टक्के आली. २०१०च्या ९८शी हे आकडे लावून 'देशी चाचणी कमी पडली' असं मी दोन सेमिनारांत ऐकलं. तो ९८ फक्त स्मिअर पॉझिटिव्ह रुग्णांचा आहे, हा सगळ्यांचा मिळून. आणि चाचणी कुठे झाली तेही वेगळं. संदर्भ प्रयोगशाळांत दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा त्या तुल्यबळच निघाल्या.

पुढच्या जर्नल क्लबला मी हे दोन पेपर एकत्र घेणार आहे. सुरुवात लेखकांच्या संस्थांपासून आणि हितसंबंधांच्या निवेदनापासून, तक्ते नंतर. ज्यांना यायचं आहे त्यांनी २०१२च्या किंमत कराराची जाहीर घोषणा वाचून यावं. दोनच पानं आहेत.