युधिष्ठिराला झाड दिसत होतं

माझ्या ज्या फोटोला सगळ्यात जास्त लाइक मिळाले, त्यात एक कुरव आहे. कुरव म्हणजे आपण सगळे सरसकट ज्याला ‘सीगल’ म्हणतो तो. जानेवारीतली संध्याकाळ, अर्नाळ्याचा किनारा, ओल्या वाळूवर तो एकटा उभा. खाली त्याचं प्रतिबिंब, मागे राखाडी-सोनेरी धूसर पडदा. चोचीपुढे मोकळी जागा, डोळा चौकटीच्या वरच्या एक तृतीयांशावर. यूट्यूबवर पक्ष्यांच्या फोटोचे जेवढे नियम शिकवतात तेवढे सगळे मी त्यात पाळलेत. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘अशा निर्मनुष्य जागा आता उरल्यात कुठे!’ मी त्याला हृदय देऊन पुढे गेले.

काही आठवड्यांनी तोच फोटो मी अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींना दाखवला. त्या मासळी निवडत बसल्या होत्या आणि मी गळ्यात एवढी मोठी लेन्स अडकवून नेमकं काय करते, याचं त्यांना कुतूहल होतं. त्यांनी हात पदराला पुसले आणि फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं.

“छान आहे. कुठली गं ही जागा?”

“इथलीच, मावशी. त्या तिथे होड्या लागतात ना, तिथली.”

त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा किनाऱ्याकडे.

“मग आमची वलांडी कुठाय?”

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायची बांबूंची मांडणी. अर्नाळ्याच्या वाळूवर हिवाळ्यात ती नजरेआड करणं अवघड असतं. मी मात्र ते करून दाखवलं होतं.

घरी येऊन मूळ फाइल उघडली. वलांडी होती. उजव्या बाजूला, धूसर, पण आडवे बांबू आणि त्यावर लोंबणाऱ्या बोंबलांच्या रांगा ओळखू येतील इतपत. तिच्या पायथ्याशी दोन रंगीत ठिपके, म्हणजे ओणवून काम करणाऱ्या दोन बायका. एका होडीचं टोक. पुढे वाळूत रुतलेली एक निळी पिशवी. आणि माझा कुरव चौकटीच्या मधोमध नव्हताच. तो डावीकडे होता, तोंड त्या बायकांच्या दिशेने करून. मी जी ‘चोचीपुढची मोकळी जागा’ म्हणून राखली होती, ती जिथे संपत होती तिथून पुढे तो ज्याच्याकडे बघत होता ते सगळं सुरू होत होतं.

किती कापलं, याचा हिशोब केला, सवय आहे. माझा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टला १०८० बाय १३५० पुरतात, म्हणजे साधारण साडेचौदा लाख. याचा अर्थ असा की शंभरातले ९४ भाग फेकून दिले तरी फोनच्या पडद्यावर फोटो तितकाच कुरकुरीत दिसतो. क्रॉप करणं इतकं फुकट याआधी कधीच नव्हतं. आणि फुकट गोष्टीचा आपण फार विचार करत नाही.

पक्ष्याला त्याच्या जागेपासून वेगळं काढायची सवय मात्र जुनी आहे. ऑड्युबॉनच्या ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’मध्ये (१८२७ ते १८३८) ४३५ चित्रं आहेत आणि हट्ट असा की प्रत्येक पक्षी खऱ्या आकारात छापायचा. कागद जवळजवळ एक मीटर उंच होता, तरी फ्लेमिंगो मावेना. मग ऑड्युबॉनने त्याची मान खाली वाकवली. पक्षी आधीच मारलेला असायचा आणि तारांनी हव्या त्या मुद्रेत उभा केलेला, त्यामुळे त्याची तक्रार यायचा प्रश्न नव्हता. सलीम अलींच्या १९४१ सालच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मधली रंगीत चित्रंही पक्ष्यावरच रोखलेली आहेत. पण तिथे करार स्पष्ट आहे: हे चित्र ओळख पटवण्यासाठी आहे. आधार कार्डावरच्या फोटोत मागे कोणाचं घर दिसत नाही म्हणून कोणी भांडत नाही. भांडण तेव्हा सुरू होतं, जेव्हा तसाच कापलेला फोटो ‘अर्नाळा, जानेवारी’ असं नाव लावून जागेचा फोटो म्हणून फिरतो.

आपल्याकडे या सवयीला आणखी एक आधार आहे: अर्जुन. द्रोणाचार्य विचारतात काय दिसतं, आणि अर्जुन म्हणतो, फक्त पोपटाचा डोळा. ही लहानपणी ऐकलेली गोष्ट. महाभारताच्या आदिपर्वात तो भास नावाचा पक्षी आहे, आणि तोही खरा नाही, कारागिरांकडून करवून घेतलेला. अर्जुनाआधी युधिष्ठिराला तोच प्रश्न विचारला जातो. तो म्हणतो, मला झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. त्याला बाजूला व्हायला सांगतात. आपण सगळे वर्गात त्याला हसलो आहोत. पण ती परीक्षा नेमबाजीची होती. बाण मारायचा असेल तर बाकीचं न दिसणं हा गुणच. बघायची परीक्षा असती तर बाजूला कोणाला उभं केलं असतं?

गंमत म्हणजे अर्जुनाचं कौशल्य आता कॅमेऱ्याच्या मेन्यूत मिळतं. २०२१ साली आलेल्या सोनीच्या अल्फा वनपासून ‘बर्ड आय’ असा वेगळा पर्याय आहे. इतर कंपन्यांचेही कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात. बटण दाबलं की डोळ्यावर छोटा चौकोन येतो आणि पक्षी उडाला तरी सुटत नाही. मी हे वापरते आणि मला ते मनापासून आवडतं. फक्त, जे यंत्राला जमतं त्यालाच आपण अजून कला म्हणत बसलोय का, असा प्रश्न पडतो. डोळा धारदार येणं ही आता किमान पात्रता आहे. फोटो काढणाऱ्याला करायचं उरलंय ते युधिष्ठिराचं काम.

यावर ‘क्रॉप करूच नका’ असं सोवळं पाळणारे असतात. त्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. चौकट हाच मुळात काप आहे. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला जेमतेम चार अंशांचं जग दिसतं. बाकीचे ३५६ अंश बटण दाबण्याआधीच गेलेले असतात. फोटो न कापण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कार्तिए-ब्रेसाँचं सगळ्यात गाजलेलं छायाचित्र, पॅरिसमध्ये डबक्यावरून उडी मारणारा १९३२ सालचा माणूस, हे कापलेलंच आहे.

आणि पक्ष्यांच्या बाबतीत क्रॉप ही दया असू शकते. फोटोत पक्षी दुप्पट मोठा हवा असेल तर दोन रस्ते: अंतर निम्मं करा, नाहीतर चौकटीची लांबी-रुंदी निम्मी करा. दुसऱ्या रस्त्यात २ कोटी ४० लाखांचे ६० लाख पिक्सेल उरतात, आणि तेवढ्यात उत्तम प्रिंट निघते. पहिल्या रस्त्यात बहुतेक वेळा थवा उडतो. अर्नाळ्याला लाटेच्या मागेपुढे धावणारे सँडरलिंग उत्तर ध्रुवाच्या आसपास वीण करून इथवर आलेले असतात. ओहोटीचे मोजके तास त्यांच्या जेवणाचे. त्यात आपण दर दहा मिनिटांनी त्यांना उठवायचं, का, तर पंख पसरलेले हवेत. त्यापेक्षा लांब बसा, खुशाल कापा.

म्हणजे प्रश्न किती कापलं हा नाही. कापताना काय गेलं, हा आहे. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे: गेला तो पसारा होता की कारण?

पुढ्यातली निळी पिशवी, अर्धवट घुसलेला दुसऱ्या पक्ष्याचा पंख, हा बहुतेक वेळा पसारा. पण कुरव त्या संध्याकाळी तिथे उभा होता तो मासळी उतरली होती म्हणून. निवडताना टाकलेलं त्याला हवं होतं. तिबेट-लडाखच्या उंच तळ्यांवरून आलेल्या त्या पक्ष्याला अर्नाळ्यात थांबवणाऱ्या गोष्टींत त्या दोन बायका होत्या. मी कारण कापलं आणि परिणाम ठेवला. सिनेमाचा शेवटचा सीन दाखवून बाकीचा डिलीट करण्यासारखं.

हीच कसोटी मुंबईच्या खाड्यांवरच्या त्या लाटेला लावून बघा: होडीभोवती घिरट्या घालणारे शेकडो कुरव, पंख फाकलेले, सूर्य मागे. इतके पक्षी एवढ्या जवळ येतात, कारण कोणीतरी शेव-गाठ्या उधळत असतं. तो हात फोटोत कधीच नसतो. आपण पोस्टला ‘स्वातंत्र्य’ असं नाव देतो आणि तळलेलं बेसन खाऊ घालणारा हात चौकटीबाहेर ठेवतो. तो हात आत आला तर फोटो बिघडणार नाही. उलट तोच खरा, अस्वस्थ करणारा फोटो होईल. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत ‘प्राणी आपल्या परिसरात’ असा वेगळा विभागच आहे. तिथे पक्षी चौकटीत छोटा दिसणं हा दोष नसतो.

क्रॉपचा निर्णय आपण यंत्रावर सोपवूनही पाहिला आहे. फोटोतला महत्त्वाचा भाग कोणता हे ओळखून ट्विटर प्रीव्ह्यू आपोआप कापायचं. २०२० साली लोकांच्या लक्षात आलं की त्यात गोऱ्या चेहऱ्यांना झुकतं माप मिळतं. कंपनीने तपासलं, कल असल्याचं २०२१ मध्ये मान्य केलं आणि फोटो कसा कापायचा हे माणसांनी ठरवणं बरं, असा निष्कर्ष काढला. माझ्या ऑफिसात तेव्हा यावर बरीच चर्चा झाली होती. अल्गोरिदमला नावं ठेवण्यात मी पुढे होते. वलांडी कापताना माझ्यातला अल्गोरिदम कोणाला झुकतं माप देत होता, हे तेव्हा सुचलं नाही.

कारण ‘निर्मनुष्य’ ही नुसती कॉमेंट नाही. असे हजार फोटो बघून रविवारी विरारहून रिक्षा करून लोक अर्नाळ्याला येतात, आणि त्यांना जाळी दिसतात, होड्या दिसतात, सुक्या मासळीचा वास येतो. मग ते नाक मुरडून म्हणतात, ‘बीचची वाट लावलीय या लोकांनी.’ ज्यांच्या अंगणात आपण उभे आहोत तेच आपल्याला अतिक्रमण वाटायला लागतात. हे वाटणं आपल्या फोटोंनी हळूहळू शिकवलेलं असतं. आणि खरा कचरा, ती निळी पिशवी, तीही आपणच कापलेली असते; म्हणजे जपायचं काय आणि हटवायचं काय, दोन्ही दिसत नाही.

मी तो फोटो पुन्हा कापला. या वेळी आडवा, रुंद. कुरव डावीकडे, लहान. उजवीकडे वलांडी, होडीचं टोक, ते दोन रंगीत ठिपके. पिशवीही ठेवली. पहिल्या फोटोच्या पाव लाइकही मिळाले नाहीत, आणि फोनवर कुरव बघायला दोन बोटांनी ताणावं लागतं, हे खरंय. पुढच्या खेपेला मावशींना दोन्ही फोटो एकापुढे एक दाखवले. दुसऱ्यावर त्यांचं बोट थांबलं ते पक्ष्यावर नाही.

“ही आमची. आणि ही मागची मी नाही, माझी जाऊ.”

धूसर ठिपका होता तो. त्यांनी पाठीच्या बाकावरून ओळखला.

मग म्हणाल्या, “हाच पाठव व्हॉट्सअ‍ॅपवर. पक्षी पण आहे ना यात?”